गाडी मारली

भालकी
३१ डिसेंबर २०२५

मृत्युंजयअण्णा,

शरणु. उद्या शाळेला सुट्टी नाही, म्हणून आज दुपारीच निघून गाडी कमलापूरला सासूबाईंच्या दारात लावतोय आणि बसनं परत येतोय. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला असेल. उद्या तुम्ही गाडी न्यायला याल तेव्हा हे पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडेल.

आपल्या बायकांनी घालून दिलेल्या नियमातलं हे पहिलं पत्र. दिवाळीत क्लच कुणी जाळला यावरून आपण दोघं फोनवर भांडलो, आणि त्या सख्ख्या बहिणी बहिणी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता गाडीबद्दल जे काही असेल ते कागदावर लिहायचं, फोनवर अवाक्षर नाही. कागदावर माणूस शांत डोक्यानं बोलतो म्हणे. बघू. साडूसाडूंनी मिळून एक गाडी घेतली, महिनाभर याच्याकडं, महिनाभर त्याच्याकडं, हे ऐकून आमची स्टाफरूम अजून हसते. त्यांना अजून हसायला कारण देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

तर अण्णा, दिसायला ही निळी गाडी चारचौघींसारखी छोटी असली तरी पोटात टर्बो आहे, आणि तिला सात वर्षं झालीत. हैदराबादच्या त्या दातांच्या डॉक्टरनं जपली म्हणून आपल्याला अशी मिळाली. लांबून आलात की लगेच बंद करू नका, मिनिटभर जागेवर चालू ठेवा, टर्बो थंड होऊ द्या. पेट्रोल ओळखीच्या पंपावरच भरा. गतिरोधक आला की गाडी तिरकी घ्या, सरळ घातली की पोट घासतं. कूलंट मी बघितलंय. तुम्ही पण आठवड्याला झाकण उघडून बघा, पण इंजिन गार असताना. हे मी मागच्या खेपेलाही सांगितलं होतं.

येळवसच्या अमावास्येला मी बीदरला प्रशिक्षणाला होतो, बसनं गेलो होतो. आमची सुधारानी भावकीच्या ट्रॅक्टरमधून शेतावर पूजेला गेली. गाडी दिवसभर दारात झाकून होती. मुद्दाम लिहितोय, पुढं कुणाला शंका नको.

आपला,
शिवशरण


अफजलपूर
३१ जानेवारी २०२६

तम्मा शिवशरण,

तुझं पत्र वाचलो. वाचताना वर्गात बाकावर उभं केल्यावाणी वाटलं मला. मी तुझा मोठा साडू हाय रे, सातवी ब न्हाई.

माझी शाळा कन्नड, तुला ठाऊक हाय. मराठी बोलायला मला काही वाटत न्हाई, पण लिहायला बसलो की हात अडखळतोय. तू कन्नड ऐकतोस, बोलतोस, अन् वाचायचं म्हणलं की मान फिरवतोस, म्हणून हे कष्ट घ्यायलोय. चुकलं तर हसू नको.

गाडी झ्याक हाय. एअर फिल्टर काढून बघितलो, उसाच्या हंगामाची धूळ नुसती. सोलापूरहून नवीन आणून घातलो. मागच्या डाव्या दाराचं रबर सुटलं होतं, ते पण बदललो. टर्बो रोज थंड करतोय, मास्तर.

दिवसभर दुकानात ठिबकच्या नळ्या मोजायच्या, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, अन् संध्याकाळी ही गाडी काढायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलो अन् पाय दाबलो की आधी काहीच होत न्हाई, अन् मग मागून कुणीतरी पाठीत ढकलल्यावाणी होतंय. माझं वय पन्नास. या वयात गाडीत एकट्यानं बसून हसायचं, हे बरं का वाईट, मला कळंना. पण लई मजा यायलीय, ते खरं.

अजून एक. आमच्या शिवलीलानं दोनदा गाडी मारली. एकदा भीमेच्या पुलावर, एकदा गाणगापूरच्या फाट्याजवळ. मी शेजारीच बसलेलो. मला घाम फुटला, अन् ती हसायली! मी तिला काही बोललो न्हाई. तू पण सुधारानीजवळ बोलू नको. शिवलीला तिला आपण होऊन सांगणार म्हणायलीय.

तुझा,
मृत्युंजय


भालकी
९ फेब्रुवारी २०२६

मृत्युंजयअण्णा,

पहिल्या तारखेची वाट बघवत नाही, म्हणून पोस्टानं पाठवतोय.

तुमचं पत्र वाचून मी गप्प बसलो होतो. म्हटलं असेल कुठं ओरखडा, जाऊ दे, शिवलीलाअक्कांचा हात आहे. काल गाडी सर्व्हिसला टाकली. रॅम्पवर चढवल्यावर मेकॅनिकनं मला हाक मारून खाली बोलावलं. पुढच्या बंपरचा खालचा ओठ दुभंगलाय. आतून पुट्टी भरून वरून काळा रंग फासलाय, उभ्यानं बघितलं तर कुणाला दिसू नये असा. इंजिनखालचं कव्हर तारेनं बांधलंय. तारेनं, अण्णा! शेळीला खुंट्याला बांधावं तसं.

तुम्ही लपवलं नाहीत, हे मान्य. पण लिहिलंत कसं? दाराच्या रबराच्या खाली, एका ओळीत. 'दोनदा गाडी मारली.' एकदा मारली तर माणूस घाबरून उतरतो. यांनी दोनदा मारली, आणि वर हसल्या! आणि तुम्ही शेजारी बसून काही बोलला नाहीत! हे मॉडेल बंद होऊन गेलंय. बंपर आता नवा मिळणार नाही, हैदराबादच्या जुन्या सामानाच्या बाजारात धुंडाळत फिरावं लागेल. माझ्या हातून असं काही झालं असतं तर तुम्ही मला जगू दिलं नसतं.

म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. यापुढं अक्कांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. हे जमत नसेल तर गाडी विकून मोकळे होऊ.

सुधारानीला मी काही सांगितलेलं नाही. शब्द पाळलाय.

शिवशरण


अफजलपूर
१४ फेब्रुवारी २०२६

शिवशरण,

पोस्टमन आला तेव्हा मी दुकानात होतो. पत्र शिवलीलानं फोडलं अन् संध्याकाळी तिनंच मला वाचून दाखवलं. शेवटाला आली तशी कागद माझ्या हातात दिली अन् आत गेली.

बंपरचं मला काही ठाऊक न्हाई. माझ्याकडं फुटला न्हाई. एक ओरखडा पण पडला न्हाई. ते तू मेकॅनिकला विचार.

पण तू जे लिवलास ते बंपरचं न्हाईच. शिवलीलानं गाडी मारली तर तुझ्या पोटात कामून दुखायलंय? लगीन व्हायच्या आधी बापाची जीप मारत होती ती, कमलापूरच्या केळीच्या मळ्यातून थेट बाजारापस्तोर. लायसन हाय तिच्याजवळ. आमच्या घरात आल्यावर कुणी तिच्या हातात किल्ली दिली न्हाई अन् तिनं मागितली न्हाई. या जानेवारीत मागितली. मीच म्हणलो, दर रविवारी मार, भिऊ नको. बायकांनी गाडी मारू नये असं कुठं लिवलंय, दाखव मला. तू मास्तर हाईस ना? वर्गात पोरींना काय शिकवतोस?

ती आता म्हणायलीय, 'मला नको, लोकांची गाडी हाय.' लोकांची! अर्धी तिच्या घरची हाय अन् ती लोकांची म्हणायलीय. हे तू केलास.

एक मार्चला मी गाडी न्यायला येत न्हाई. विकायची तर विक.

मृत्युंजय


भालकी
२० फेब्रुवारी २०२६

दाजी आणि अक्का,

तुमच्या साडूसाडूंच्या पत्रांत मी तोंड घालायलेय. घालावंच लागलं.

काल आमचे हे तुमचं पत्र हातात घेऊन घरभर येरझाऱ्या घालत होते आणि मोठमोठ्यानं वाचत होते. 'बघ तुझे दाजी! दर रविवारी मार म्हणे! भिऊ नको म्हणे! बापाची जीप मारत होती म्हणे! डोकं ठिकाणावर आहे का माणसाचं?' मी भाकरी थापत होते. आधी कळेना काय चाललंय. मग कानावर पडता पडता एकदम कळलं आणि असं हसू फुटलं की भाकरी तव्यावर करपली.

म्हटलं, आधीचं पत्र आणा. आणलं. मी ते दाजींच्या आवाजात वाचून दाखवलं. 'शिवलीलानं गाडी मारली.' मग तेच मी कन्नडात म्हटलं, 'शिवलीला गाडी होडदळु.' आणि विचारलं, 'अहो मास्तर, आता कळलं? आमच्याकडं बंडी होडी, जीप होडी, सगळं होडीच. होडी म्हणजे मार, आणि गाडीला लावलं की चालव. दाजींनी डोक्यात कन्नड म्हटलं आणि हातानं मराठी लिहिलं. अक्कानं गाडी चालवली हो. आपटली नाही.'

दाजी, तुम्ही यांचं तोंड बघायला पाहिजे होतं. खुर्चीत बसले. मग म्हणाले, 'फोनवर ऐकलं असतं तर लगेच कळलं असतं.' खरं आहे ते. कानानं ऐकलं की यांना कन्नड कळतं, कागदावर बाळबोध अक्षर दिसलं की डोकं पक्कं मराठी होतं. नियम आम्हीच घातला होता, काय बोलणार.

पण मास्तरच ते. पाणी पिऊन लगेच पुढचा प्रश्न, 'मग बंपर कुणी फोडला?'

तर ऐका. गाडी मी मारली. दाजींच्या मारलीनं पण आणि यांच्या मारलीनं पण.

येळवसला हे बीदरला होते. भावकीतली सगळी ट्रॅक्टरमधून शेतावर पुढं गेली. मी अंबील आणि भज्जी घेऊन दुसऱ्या खेपेला जाणार होते. ट्रॅक्टर पंक्चर झाला, फोन आला की पूजा खोळंबलीय, अंबिलीशिवाय कसं करायचं. मी काय करू सांगा? दारात गाडी झाकून उभी. पोरं शाळेत गेली की मी मागच्या साली ड्रायव्हिंग क्लासला जात होते, लायसन पण निघालंय. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. अंबिलीचं मडकं पुढच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा लावला आणि निघाले. रस्त्यानं अशी गेले की काय सांगू! शेताच्या वाटेला लागले आणि बांध आला. मला वाटलं हळूच चढेल. मडकं सांडू नये म्हणून माझं अर्धं लक्ष तिकडं. खाडकन आवाज झाला. मडकं वाचलं, बंपर गेला.

पूजा वेळेवर झाली. भावकीतल्या सगळ्या बायकांनी बघितलं आणि एकीनंही यांच्याजवळ तोंड उघडलं नाही, बघा. दुसऱ्या दिवशी मीच बसस्टँडमागच्या मेकॅनिककडून पुट्टी भरून घेतली. तार कुरूप दिसते हे मलाही कळतं.

हे सगळं ऐकून हे एवढंच म्हणाले, 'बांधावर पण तिरकी घ्यायची असते.'

अक्का, तू पुन्हा स्टेअरिंगवर बसलीस आणि मला सांगितलं नाहीस. मी शिकले आणि तुला सांगितलं नाही. कशा गं आपण? यांच्यावर राग धर, माझी ना नाही. गाडीवर धरू नको.

तुझी,
सुधा


भालकी
२८ फेब्रुवारी २०२६

अक्का,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, अण्णांसाठी नाही.

गाडी कमलापूरला लावतोय. सुधारानीनं सगळं लिहिलंच आहे. माझ्याकडून शब्द समजण्यात चूक झाली. गैरसमजातून जास्त लिहिलं गेलं, ते मनावर घेऊ नका. बंपर हैदराबादला मिळाला, मागच्या रविवारी दोघं जाऊन घेऊन आलो. रंग थोडा वेगळा आहे, उन्हात कळतो.

मार्च महिना तुमचा आहे. गाडी न्या. चालवा, मारा, जे म्हणायचं ते म्हणा.

शिवशरण


अफजलपूर
७ मार्च २०२६

शिवशरणप्पा,

तुमचं पत्र काल गाडीत बसून वाचलं. उत्तर मीच द्यायला पाहिजे म्हणून लिहितेय.

मला यायचंच नव्हतं. हे दोनदा म्हणाले, चल जाऊन आणू, मी नाही म्हटलं. मग आईचा निरोप आला की गाडी धुळीनं पांढरी झालीय आणि कोंबड्या टपावर बसायल्यात. बाजारहाट करून येते म्हणून सांगितलं आणि एकटी कमलापूरच्या बसला बसले. हे दुकानात होते. त्यांना खरं सांगितलं असतं तर सोबत आले असते, आणि मला शेजारी कुणी नको होतं.

तुम्ही लिहिलंत, शब्दाची चूक झाली. शब्दाचं मी केव्हाच सोडून दिलं. सुधाचं पत्र वाचून मी पण पोट धरून हसले. इथं दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला हे अजून तीच गोष्ट सांगायलेत.

पण मला एक सांगा. शब्द तुम्हाला बरोबर कळला असता आणि मी गाडी खरंच आपटली असती, तर? तर 'अक्कांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही' हे बरोबर ठरलं असतं का? सुधानं खरंच आपटली. तिला तुम्ही बंपर आणायला हैदराबादला घेऊन गेलात, बिर्याणी पण खाल्लीत म्हणे. मग तिला हैदराबाद आणि मला ते पत्र, असं कामून? तुम्ही स्वतः हुमनाबादच्या चौकात हीच गाडी दुभाजकावर चढवली होती, सुधानं सांगितलंय मला. तुमच्या हातातून किल्ली कुणी काढून घेतली? पत्रातून तरी?

तुमचं ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं होतं, शिवशरणप्पा. नवऱ्यापुढं. वाचताना मला माझीच लाज वाटली, जसं काही मी चोरी करताना सापडले. बावीस वर्षांनी स्टेअरिंगवर बसल्याचा आनंद महिनाभर पण टिकू दिला नाहीत तुम्ही. मला फार वाईट वाटलं. ते लिहून टाकते, म्हणजे मनात राहायचं नाही.

आता गाडीचं. आईच्या दारातून काढताना दोनदा बंद पडली. क्लच फार वर पकडतो. शेजारची सावित्रम्मा ओट्यावर येऊन उभी राहिली बघायला. तिसऱ्यांदा निघाली. कलबुर्गीच्या रिंगरोडपर्यंत मी ट्रकांच्या मागं मागं आले, मागचे हॉर्न मारायचे, मारू दे म्हटलं. रिंगरोड सुटला आणि अफजलपूरचा रस्ता लागला. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक, वर मोळ्या डुलायल्या. या रस्त्यानं मी कितीदा बसच्या खिडकीतून आलेय, अशा ट्रॉल्यांमागं तास तास. समोर रस्ता मोकळा बघितला, तिसऱ्यात टाकली आणि पाय दिला.

अगं बाई गं! काय ती गाडी पळाली! दोन्ही ट्रॉल्या कधी मागं पडल्या कळलंच नाही. मी एकटीच गाडीत मोठ्यानं ओरडले. मग चौथा टाकला आणि पुन्हा ओरडले. तुम्ही दोघं साडू या गाडीवरून एवढं का भांडता ते मला आता कळलं. मी पण भांडणार आहे.

दारात आल्यावर मिनिटभर चालू ठेवली, मग बंद केली. हे दुकानातून धावत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बंपर हात लावून बघितला आणि म्हणाले, 'एकटी आलीस?' मी म्हटलं, 'व्हय.' मग चहा टाकायला स्वतः आत गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच बघितलं.

ब्रेक दाबला की पुढून डावीकडून बारीक करकर आवाज येतोय. पॅड झिजले असतील. सोमवारी सोलापूरला दाखवून आणते. नवीन बंपरचा रंग मला तरी वेगळा वाटत नाही.

आता आईच्या दारात गाडी ठेवणं बंद, कोंबड्यांचा त्रास होतोय. एक एप्रिलला गाडी न्यायला सुधाला इथं अफजलपूरला पाठवा. एकटीला पाठवा. तुम्ही सोबत आलात तर चहा मिळेल, किल्ली मिळायची नाही.

शिवलीला